खांबताईचा डावा खांदा

नवनवे पोशाख घडवणारा सरकार कागदावर रेघसुद्धा ओढत नसे. कापड थेट जिवंत बाईच्या अंगावर टाकायचं, टाचण्या खोचायच्या आणि कात्री चालवायची, ही त्याची पद्धत. ती बाई म्हणजे खांबताई. त्याच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांनी हे नाव पाडलं, कारण ऐन विशीपासून ती तिथे खांबासारखी उभी होती. दुसरं काही तिला येत नव्हतं. सुईत दोरा ओवायचा तरी कपाळाला आठ्या.

सरकार हे नावही बायकांचंच. हिरवी नखं, गळ्यात पिसं, आणि डोक्यात एकच किडा: लोकांना कसं खिजवावं. एकदा त्याने नवरीचा झगा मागून अख्खा उघडा ठेवला. निम्मे पाहुणे उठून गेले, तर हा टाळ्या पिटत होता.

यंदा खांबताईचा डावा खांदा उतरू लागला. इतकी वर्षं उभं राहिल्यावर कणा वाकणार नाही तर काय होणार? सरकारची नजर वळली की ती खांदा उचलून धरी. तो टाचण्या लावायला वाकला की खांदा पुन्हा खाली.

"अगं, सांगून टाक त्याला," बहीण म्हणाली.

"आणि मग? तुझ्याकडे भांडी घासू?"

"घास की. मी कुठे नाही म्हणते?"

प्रदर्शनात तिच्या अंगावर बेतलेले पोशाख उंच मुलींच्या सरळ खांद्यांवर चढले आणि एकूण एक डावीकडे कलंडले. पडद्यामागे खांबताईने पायात चपला सरकवल्या. आता हाकलणार. पण बाहेर टाळ्या थांबेनात. सरळपणाची अशी खिल्ली आजवर कुणी उडवली नव्हती म्हणे. सरकारने मान लववून सगळं कौतुक पदरात पाडून घेतलं. मग आत येऊन तिचा खांदा चाचपला.

"हा मला कायमचा हवा."

बापडी हरखून गेली.

पुढच्या आठवड्यात तिच्या अंगावर ओलं प्लास्टर थापलं. ते वाळेपर्यंत ती श्वास रोखून, नीट उभी राहिली. तेवढं तर तिला येतच होतं. साचा निघाला, त्यातून पुतळा ओतला. डावा खांदा हुबेहूब.

"याचा खांदा आहे तिथेच राहील. तुझा अजून उतरेल," सरकार म्हणाला. "बस आता, ताई. खूप उभी राहिलीस."

घरी बहिणीने खुर्ची पुढे सरकवली. खांबताई खुर्चीशेजारी उभीच.

"भांडी कुठायत?"

"घासली मी. केव्हाच."