बर्फ वितळेपर्यंत

तिला सगळे क्लचबाई म्हणत. गेली कित्येक वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. शिकणाऱ्यानं भर चौकात गाडी बंद पाडली की ती "क्लच! अहो, क्लच!" अशी ओरडायची, की शेजारचा गाडीवालाही दचकून आपला क्लच दाबायचा. एका जागी बूड टेकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण आणि तिचा मुलगा.

त्या उन्हाळ्यात ताईच्या हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन नीट पार पडलं, पण क्लचबाईची घालमेल थांबेना. ती दवाखान्यातल्या खोलीत शिरायची, उशी सारखी करायची, बाटली इकडची तिकडे ठेवायची आणि "गाडी बघून येते" म्हणत खाली सटकायची.

गाडी बघायला कारणही होतं म्हणा. गाडी जुनी. एसी लावला की आधी गार वारा जोरात यायचा, आणि थोडं अंतर गेलं की नुसती फुंकर. ताईला घरी न्यायचं म्हणजे भर दुपारचा लांबचा रस्ता. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या भट्टीत कसं बसवायचं?

दवाखान्याच्या पार्किंगमध्येच ती कामाला लागली. पंख्याचं बटण एकेक घर फिरवून पाहिलं. आवाज वाढत होता, म्हणजे मोटर धडधाकट. मग डॅशबोर्डचा खण उतरवून मागचा फिल्टर ओढला. त्यावर धुळीची गोधडीच झाली होती. "सापडला चोर!" ती स्वतःशीच म्हणाली. नवा फिल्टर आणून बसवला, एक फेरी मारली. परत ये रे माझ्या मागल्या.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, आहेस कुठे? आई विचारतेय."

"आलेच," म्हणाली, आणि गाडी थेट गॅरेजकडे वळवली.

मिस्त्री तिच्याच हाताखाली गाडी शिकलेला. त्यानं आधी गॅस मोजला, तो बरोबर निघाला. मग एसी चालू ठेवून दोघं वाट बघत बसले, म्हणजे मिस्त्री बसला आणि ती गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली. हळूहळू वारा मंदावला. मिस्त्रीनं एसी बंद करून नुसता पंखा ठेवला, तशी गाडीखाली पाण्याची धार लागली.

"बाई, आत बर्फ धरतोय. गार करणाऱ्या जाळीवर तो इतका चढतो की वाऱ्याला वाटच उरत नाही. सेन्सर गेलाय, थंडी पुरे झाली हे एसीला कळतच नाही. डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा."

"उद्या ताईला सोडतायत हो!"

"मग वारा कमी झाला की एसी बंद करा, पंखा चालू ठेवा आणि सावली बघून थांबा. बर्फ वितळला की परत लावा."

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "टॅक्सी करू का?"

"नको," ताई म्हणाली. "मी हिच्याच गाडीतून येते. तू सामान घेऊन पुढे हो."

अर्ध्या वाटेवर वारा मेला. क्लचबाईनं एका मोठ्या झाडाखाली गाडी घेतली, एसी बंद केला आणि लगेच दार उघडलं. "टायर बघून येते."

"टायरला काय धाड भरलीय? बस."

"बसलेच आहे की."

"एक पाय बाहेर टाकून? चार दिवस हेच चाललंय तुझं. खोलीत टिकली नाहीस. माझ्यावर रागावलीस ना, ऑपरेशनचं शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणून?"

"तेही आहेच," क्लचबाई म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "पण तुझ्या उशाशी ते हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र सारखं टिक टिक करायचं गं. जरा आवाज बदलला की मी दाराकडे पळायचे. बघवत नव्हतं मला."

"मग तसं म्हणायचं. मी तिकडे छताकडे बघत पडलेली, आणि तू खाली फिल्टर झटकतेयस."

क्लचबाईनं पाय आत घेतला. दार लावलं. गाडीखाली पाणी ठिबकत होतं.

जरा वेळानं ताई म्हणाली, "पंखा बंद कर, इंजिनही. आता ऐक."

शांततेत ताईच्या छातीतून बारीक आवाज येत होता. टक्, टक्, टक्. नवी झडप वाजत होती. क्लचबाई जवळ सरकली. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला तो कान, पण आता तिनं श्वाससुद्धा रोखून धरला.

"कसं वाटतंय?" ताईनं विचारलं.

"एका लयीत आहे," ती कशीबशी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. ताईनं तिला रडू दिलं.

एसी परत लावला तेव्हा वारा भरभरून आला. ताईला झोप लागली. वाटेत आणखी एकदा थांबावं लागलं. क्लचबाई तिला न उठवता शेजारी बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं डॅशबोर्ड उतरवला, जाळी धुतली, सेन्सर बदलला. गाडी त्याच्याकडे असताना क्लचबाई बसनं ताईकडे गेली. भाच्यानं दार उघडलं आणि तिच्यामागे रस्त्यावर गाडी शोधू लागला.

"बसनं आले," ती म्हणाली. "आजची रात्र राहणार आहे."