सोळा मिलिमीटरची शिक्षा

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि माझ्या पर्जन्यमापकात सोळा मिलिमीटर पाऊस होता.

पर्जन्यमापक म्हणजे फार काही नाही. वर नरसाळं, खाली बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. किल्लारीकडच्या त्या खेड्यातलं हे काम मी मागून घेतलं होतं. दुष्काळात पाऊस मोजायचा म्हणजे रोज शून्य लिहायचं आणि उरलेला दिवस लिंबाखाली अभ्यास करायचा. मी पाटबंधारे खात्यात कारकून झालो त्याचेच आईने आमच्या गावी, नायगावला पेढे वाटले होते. मला मात्र ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं होतं. डिपार्टमेंटल परीक्षेला तीन महिने उरले होते.

आणि नेमका साहेबांचा निरोप आला, 'सोमवारपासून लातूरला ये.' लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या ऑफिसात जुन्या जिल्ह्याच्या फायली वेगळ्या करायचं काम मारुतीच्या शेपटासारखं वाढत होतं. तिथे गेलो की पुस्तक उघडणंच संपलं. त्याच काळजीत मी सोळाचा आकडा पोस्टातल्या फोनवरून वर कळवून टाकला. नियमच तसा, बाटलीत असेल ते सांगा.

दुपारी जीप आली.

"एकट्या तुझ्याच कंपाउंडात पाऊस पडला का रे?" साहेब जीपमधूनच ओरडले. "वरून विचारायलेत, तिथला टँकर बंद करायचा का म्हणून!"

टँकरचं नाव ऐकून शेजारच्या सरूआजी धावत आली.

"म्या वतलं सायेब त्यात पानी. ह्यो रोज सकाळी त्येच्यापुढं वाकतोय. म्हनलं देव हाय. म्हादेव पान्यात बुडवला की पाऊस येतो, म्हनून फुलपात्रभर वाह्यलं."

"आणि हा कुठं होता?"

"लिंबाखाली. पुस्तकात मुंडकं घालून. त्यो कशाला बघतोय!"

आजीच्या वाट्याला दोन घागरी पाणी यायचं. त्यातलं फुलपात्रभर तिने त्या नरसाळ्यात ओतलं होतं. मला फार लाज वाटली. पण लाजेत वेळ घालवून चालणार नव्हतं, साहेब लालबुंद झाले होते.

साहेबांचा स्वभाव सगळ्या ऑफिसाला ठाऊक होता. कुणी पंख्याखालची जागा मागितली की ते त्याचं टेबल पत्र्याखाली हलवायचे. मी तोंड पाडलं.

"चुकलं साहेब. आता मला इथं ठेवू नका. सोमवारी लातूरला येतोच. तिथं चांगली हॉटेलं हायत, शनिवारी पिक्चर..."

"पिक्चर? लई हौस हाय का? इथंच राहा चार महिने! लातूरचं तोंड बघायचं न्हाई."

"साहेब, असं नका करू," म्हणत मी डोळे पुसले. हसू दाबताना खरंच पाणी आलं होतं.

सोळाचं शून्य झालं, टँकर चालू राहिला. मी कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावलं. आजी मग बाहेरूनच हात जोडायची.

मी पास झालो. ऑर्डर घ्यायला लातूरला गेलो तर साहेबांनी पाठीवर थाप मारली.

"बघ, शिक्षा केली म्हणून सुधारलास."

"हाव साहेब, तुमचेच उपकार."

त्यांना आपली युक्ती इतकी आवडली, की त्याच आठवड्यात त्यांनी पिक्चरच्या आणखी एका शौकिनाला त्या खेड्यात धाडलं. तो बिचारा खरोखरच शौकीन होता.

ध्येय पक्कं असावं, असं सगळेच सांगतात. ते साहेबाला कळू देऊ नये, एवढं माझ्याकडून.