मुकी बाटली

मंगळवार, १२ एप्रिल. सकाळपासून उकाडा. नळाला कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी. दोन पातेली उकळून, गाळून ठेवले. दुपारी कंपनीचे साहेब आले. भाऊजी जेवले नाहीत.

वहिनींनी त्या दुपारी रोजनिशीत एवढंच लिहिलं. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वहिनी माडीवर राहत, दीर खाली दुकानामागच्या खोलीत. लग्न करायचं त्यांचं राहून गेलं होतं आणि ते राहून गेल्याचंही त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. थंड पेयं विकणारा माणूस म्हणून ते झाले बुडबुडेशेठ.

गंमत अशी की शेठ स्वतः त्या पेयाला तोंड लावत नसत. एका घोटाने त्यांना उचकी लागायची आणि ती दिवे लागेपर्यंत सोबत करायची. प्यायचे ते वहिनींनी उकळलेलं पाणी. पण विकायला मात्र हिरवं, नारिंगी, काळं असं सगळं. गिऱ्हाइकाला ते छातीठोकपणे सांगत, "एकदम फर्स्ट क्लास! मी स्वतः रोज घेतो."

"काय घेता?" वरून वहिनी विचारत.

"नाव घेतो," शेठ हळूच म्हणत.

दुकानाच्या पाटीवर पेयाचं नाव हातभर अक्षरांत होतं. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत शेठचं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, कारण कंपनीने पाटीबरोबर फ्रिजही दिला होता. माणसाहून उंच, काचेच्या दाराचा, आत दिवा असलेला. शेठ रोज सकाळी त्याची काच मऊ फडक्याने पुसत. स्वतःचा चष्मा सदऱ्याला. फ्रिजच्या दारावर कंपनीने एक सूचना चिकटवली होती: आमच्या मालाखेरीज यात काहीही ठेवू नये, अन्यथा फ्रिज परत नेण्यात येईल. शेठना ती सूचना पाठ होती. फ्रिज गेला तर दुकानात उरणार काय? बिस्किटं, साबण आणि शेठ. तिन्हीतलं काहीही गार नाही.

दुकान दवाखान्याला लागून होतं. मागच्या उन्हाळ्यात एक बाई कडेवर मलूल पोर घेऊन दवाखान्यातून थेट दुकानात आली. पोराचं पोट बिघडलेलं. डॉक्टरीणबाईंनी मीठ-साखरेच्या पुडीचं औषध दिलं होतं, स्वच्छ पाण्यात कालवून पाजायला.

"एक नारिंगी द्या," बाई म्हणाली.

शेठनी दिली. बाईने झाकण काढलं आणि पुडी सरळ बाटलीत उपडी केली. बाटलीने जी काय उसळी घेतली! फेस बाटलीतून गल्ल्यावर, गल्ल्यावरून बिस्किटांवर आणि तिथून शेठच्या पायजम्यावर.

"अहो बाई, पाण्यात सांगितलंय ना!"

"स्वच्छ पाण्यात सांगितलंय," बाई ठसक्यात म्हणाली. "नळाचं बघितलंत? हे निदान सीलबंद तरी आहे."

शेठ फडकं शोधू लागले. जिन्यात वहिनी येऊन उभ्या होत्या. "भाऊजी, पोराला औषध देताय का कपडे धुताय?" असं म्हणून त्या वर गेल्या आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाईने दुसरी पुडी त्यात कालवली. पोर गटागटा प्यायलं. बाई भांडणाची माफी मागावी तसं हसली.

तेव्हापासून वहिनींनी शेठच्या मागे लकडा लावला. दवाखान्यातून येणाऱ्याला पाणी द्यायचं. बाटलीत भरून द्यायचं. आणि उन्हाळ्यात कोमट कोण पिणार? गार करून द्यायचं.

"फ्रिजमध्ये? वहिनी, नियम आहे."

"नियम काय म्हणतो? दुसरं काही दिसता कामा नये, एवढंच ना?"

"दिसता नाही, ठेवता."

"तेच ते," वहिनी म्हणाल्या. शाळेत नियमांचा अर्थ लावण्यात त्या वर्गात पहिल्या येत असाव्यात.

मग लिंबाच्या पेयाच्या रिकाम्या, हिरव्या रंगाच्या बाटल्या विसळून, उकळून गार केलेल्या पाण्याने भरल्या जाऊ लागल्या आणि खालच्या फळीवर, मागे, जाऊन बसू लागल्या. बाहेरून कळायचं नाही. उघडली की मात्र कळायचं. खरी बाटली फुस्स करायची, ही चकार शब्द काढायची नाही. गल्लीने तिला नाव दिलं मुकी. "शेठ, डॉक्टरीणबाईंनी एक मुकी सांगितलीय," असं म्हणत माणसं येऊ लागली. बाटली धुऊन परत आणायची, एवढीच अट.

वर्ष बिनबोभाट गेलं. आणि त्या मंगळवारी साहेब आले.

साहेब म्हणजे पोरगेलासा इसम, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर घामाचा नकाशा. बाटल्यांवरची नावं पुढे आहेत ना, एवढं बघून जायचे. पण त्या दिवशी ऊन रणरणत होतं. त्यांनी न विचारता दार उघडलं आणि खाली मागे हात घातला. मागची बाटली जास्त गार असते, हे कंपनीच्या माणसाला कोण शिकवणार?

शेठच्या हातातला साबण गळून पडला.

झाकण फिरलं. आवाज नाही. साहेबांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"शेठ, ह्यात काहीच नाहीये."

"काहीच म्हणजे?"

"गॅस नाही, साखर नाही, लिंबू नाही!" साहेब क्रेटवर मटकन बसले. "मेलो. खेपच बिघडली. वरून तंबी आहे, अशी एक जरी बाटली निघाली तर भरणीच्या यंत्रावरच्या माणसाला त्याच दिवशी घरी बसवणार."

"कोण आहे यंत्रावर?"

"माझी मावशी. तिनेच मला इथे चिकटवलंय." साहेबांनी फोन काढला. "कळवावं तर लागणारच. लपवलं आणि उद्या दुसरीकडे निघाली तर मीही जाईन. तुमचं काय, तुम्ही मजेत. तक्रारीवर सही करा, अख्खा माल बदलून मिळेल. वर नुकसानीबद्दल नवा फ्रिज. दोन दारांचा."

दोन दारांचा! शेठच्या डोळ्यांपुढे दोन दिवे लागले. काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प राहायचं. मुकी बाटली गप्प राहिलीच होती, तसंच.

जिन्यात वहिनी पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. चाळीस वर्षांत ज्या बाईने प्रत्येक गोष्टीवर मत दिलं ती आज गप्प होती. साहेब फोन कानाला लावत होते. आणि थेंबभरही पेय न पिता शेठना उचकी लागली.

"ते... उक्... पाणी आहे."

"काय?"

"पाणी. आमचं. वहिनी उकळतात. मावशीचा काही... उक्... दोष नाही."

साहेबांनी फोन खाली घेतला. बाटलीकडे पाहिलं. मग ती तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. संपल्यावर मात्र त्यांना आपण कंपनीचे असल्याचं आठवलं.

"शेठ, असं चालत नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे. रोज पुसतो मी तो."

"टेम्पो पाठवतो संध्याकाळी. मी नाही नेला तर माझ्यावर येईल." साहेब उठले, रिकामी बाटली काखेत मारली.

"बाटली ठेवा, आमची आहे," जिन्यातून वहिनी म्हणाल्या.

"बाटली कंपनीची आहे, आजी."

"मग आतलं पाणी परत द्या."

साहेबांनी बाटली गुपचूप गल्ल्यावर ठेवली.

शेठ जेवले नाहीत. संध्याकाळी टेम्पो आला, फ्रिज गेला. पाटी राहिली, कारण टेम्पोवाल्यांनी शिडी आणली नव्हती. फ्रिज होता तिथे फरशीचा चौकोन पांढराशुभ्र, बाकीचं दुकान किती मळलंय ते सांगत. शेठ त्या चौकोनाकडे बघत बसले.

"आता गार काय देऊ मी लोकांना?"

"उपदेश देऊ नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या आणि माडीवरून तोटीचं पिंप, मोठं पातेलं आणि जुनी चादर उतरवू लागल्या. शेठ धावले. पिंप चौकोनावर बसलं, भोवती ओली चादर. इतक्यात दवाखान्यातून एक म्हातारा आला.

"एक मुकी द्या."

"गार नाहीये हो आता," शेठ ओशाळून म्हणाले. "पण मुकंच आहे. उचकी... उक्... मला आहे, पाण्याला नाही."

म्हातारा उभ्याउभ्या दोन पेले प्यायला, वर पाटीवरचं ते हातभर नाव वाचलं, आणि म्हणाला, "ह्याची चव सुधारलीय बरं का."

शेठ त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि वहिनींना म्हणाले, "वाढा."

रात्रीच्या जेवणानंतर वहिनींनी रोजनिशी पुन्हा उघडली आणि दुपारच्या नोंदीखाली लिहिलं: पिंप खाली उतरवताना मोठ्या पातेल्याचा कान निखळला. उद्या डाग द्यायला न्यायचे.