इखलासच्या हातांवरची मेंदी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे, ते नीट कळत नाही — पण सांगते.

इथे बहरीनला, मुहर्रकमध्ये, आमच्या समोरच्या खोलीत इखलास राहते. सुदानची. ती इथे एका शाळेत मदतनीस, नवरा तिकडे खार्तूममध्ये. तिथे आपसातलंच युद्ध पेटलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. शाळेत तिला मोबाइल जवळ ठेवता येत नसे, म्हणून तिने दिराला माझा नंबर दिला होता. विश्वासाने.

त्यांच्याकडे लग्न झालेली बाई नवऱ्यासाठी मेंदी लावते. काळीभोर, बोटांच्या टोकांपर्यंत. नवरा गेला की मेंदी बंद. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझे वडील लवकर गेले. शेजारी हळदीकुंकू असलं की आई दार लोटून आत शिवणयंत्रावर बसायची. त्या शिवणावर तिने मला बी.कॉम. केलं, आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. मग मला कळलं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

त्या संक्रांतीला पहिल्यांदाच माझ्याकडे हळदीकुंकू होतं. अमवाजच्या, हमद टाउनच्या आपल्या मराठी बायका येणार होत्या — एरवी "काय, बरं ना?" एवढंच विचारून पुढे जाणाऱ्या. आणि इखलास सुदानी मेंदी काढून देणार, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते.

त्याच दुपारी दिराचा फोन आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, घरावर तोफगोळा पडला, भाऊ गेला. "सिस्टर, तिच्याजवळ बसून सांगा."

मी फोन ठेवला. आणि तिळाचे लाडू वळत राहिले.

इखलास शाळेतून आली. दारातूनच म्हणाली, "दीदी, टेलिफोन आया?"

"आया. सब ठीक है."

नुसतं "मफी", नाही आला, एवढं म्हणता आलं असतं ना? पण मग ती उतरल्या चेहऱ्याने बसली असती. मला ती हसरी हवी होती.

"यल्ला, हाथ दो!" संध्याकाळभर तिने बायकांच्या हातांवर वेली काढल्या. "तेरा आदमी पहचानेगा नहीं," म्हणत एकेकीची थट्टा केली. आणि शेवटी, कितीतरी महिन्यांनी, स्वतःच्या हातांवर मेंदी लावली. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं — आत्ताच फोन आला, असं म्हणून. मेंदी दुसऱ्या दिवशी जास्त गडद होते, तुम्हाला ठाऊकच आहे. ती घालवायला इखलास मीठ-लिंबाने हात घासत होती. लिंबं मी कापून देत होते.

सांत्वनाला आलेल्या सुदानी बायका तिच्या बोटांकडे बघायच्या. दफन आधीच झालं होतं, हे तिला त्यांच्याकडूनच कळलं. तिने अर्थ लावला — आदल्या दिवशीचं "सब ठीक है" हे खोटं दिराने सांगितलं. "मेरे साथ ऐसा किया उसने, दीदी?" मी तिला पाणी दिलं. तिने त्याचा फोन घेणं सोडलं. सासरचा तेवढा एकच माणूस उरला होता. मग तो मला फोन करू लागला. मी त्याचा नंबर ब्लॉक केला.

पुढे तिचा राग निवळला. तिने स्वतःहून, आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. लागला नाही. अजूनही लागत नाही, नवऱ्याचा लागेनासा झाला होता तसाच. ती माझ्याच पलंगावर बसून पुन्हा पुन्हा लावते, आणि मी शेजारी बसून म्हणते — इंशाल्ला, लागेल.