आकाराम गुळव्याचा पाय

आकाराम गुळव्याला मी किती ओळखत होतो? खरं सांगायचं तर फारच थोडं. त्याचं आडनावसुद्धा मला तो वारल्यावर कळलं. आमच्या गल्लीमागच्या गुऱ्हाळावर तो थंडीभर गुळव्या म्हणून गूळ करायचा आणि मी निवृत्त माणूस चुलवाणाच्या उबेला जाऊन बसायचो, एवढीच ओळख. त्याच्यावर लिहायला कुणी जाणकार हवा होता. पण त्याचा पाय जाता जाता राहिला, ते मी जवळून पाहिलं.

त्याला मधुमेह होता. तो लपवायचा नाही. उलट ऐटीत सांगायचा, "साखर सोडली, तात्या. चमचाभर बी न्हाय." आणि गुळाचा चहा घ्यायचा. शिवाय प्रत्येक आदणाची, म्हणजे उकळायला घातलेल्या रसाच्या प्रत्येक खेपेची गोळी. रस आटत आला की गुळव्या काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतो. गोळी नीट वळली की काहील उतरवायची. वळलेली गोळी आकाराम तोंडात टाकायचा. दिवसभर हेच.

एकदा काहील उतरवताना उकळता पाक त्याच्या पायावर सांडला. तो आपला बोलतच राहिला.

"आकाराम, पाय!" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही.

त्यानं खाली पाहिलं. "व्हय की," म्हणाला. कातडी सोलली होती, त्याला कळलंच नव्हतं.

त्याची मुलगी संयोगिता त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जखम चिघळली, पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खाणं बदललं नाही तर जखम भरणार नाही, पाय घोट्यापासून जाईल. आणि गूळही साखरच.

"माजा गूळ?" आकाराम भडकला. "बाळंतिणीला देत्यात की त्यो!"

"तुमी काय बाळंतीण हायसा व्हय, आबा?" संयोगिता म्हणाली.

मग तिचा डबा सुरू झाला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी नाहीतर पोकळा, ताक. "म्हशीची वैरण" असं म्हणत तो ते खायचा.

जखम अजून ओली होती, तोच गुऱ्हाळाच्या मालकानं बोलावलं. दुसऱ्या गुळव्याच्या हातचा गूळ घट्ट बसत नव्हता. संयोगिता सोबत आली. आकाराम पायात बूट घालून काहिलीपाशी उभा राहिला. पाक फुगला, वास सुटला. त्यानं गोळी वळली आणि हात सवयीनं तोंडाकडे गेला.

संयोगिता नुसती बघत राहिली. हात ओठापाशी थांबला. तिकडे पाकाचा रंग गडद होत चालला.

"आरं, करपंल की सगळं!" मालक ओरडला.

आकारामनं गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "उतरवा!" गड्यांना म्हणाला. मग मला, "खावा तात्या. कशी हाय?"

"गोड."

"गूळ गोडच असतुय. लई हुशार हायसा."

पाय राहिला. पुढचे दोन हंगाम त्यानं त्याच पायांवर काढले आणि गोळ्या माझ्याकडे येत राहिल्या. या पावसाळ्यात तो तापानं गेला.

त्याआधी, शेवटचा हंगाम संपल्यावर निघताना तो गुऱ्हाळाच्या दाराशी थांबला होता.

"तात्या, तुमची साखर तपासून घ्या. लई गोळ्या खाल्ल्यासा."

"बघतो."

"बघतो न्हवं. उद्या जावा."

"जातो," मी म्हणालो.