गार्डाचा डबा नसलेली गाडी

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग भावजींचं. उलट्या क्रमानं सांगायला बसले तर मधल्या मधे स्वतःला सभ्य बाई करून टाकीन, मला माझी सवय ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी, म्हणजे मी अवघी एकाहत्तर वर्षांची अल्लड मुलगी होते तेव्हा, मी एका ऑनलाइन दुकानातून चुकीचं रेल्वे-इंजिन मागवलं. खेळण्यातलं नव्हे, मॉडेलचं. ‘खेळणं’ हा शब्द आमच्या घरात चालत नसे. चूक सर्वस्वी माझी होती. ती झाकायला मी त्या दुकानाच्या पानावर एकच तारा दिला आणि खाली असा मजकूर लिहिला, की आज तो वाचताना लिहिणारीच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण ती मीच असल्यामुळे हात आवरावा लागतो.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, सेतुमाधवराव. त्यांना जाऊन सात आठवडे झाले. शनिवार होता. दर शनिवारी सकाळच्या बसनं ते गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला जात, तसेच गेले. मी इकडे ओसरीवर बसून फोनमध्ये त्यांच्या पार्सलचा प्रवास बघत होते... चेन्नईहून निघालं, तंजावरला पोचलं, कुंभकोणम्‌मध्ये आलं, आज घरी येणार. सिग्नलचे चार इवलेसे दिवे होते त्यात. तेवढ्यात पडद्यावरचं पार्सल गेलं आणि देवळातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव उमटलं. भावजी खांबाला टेकून टाळ वाजवत होते, अभंग संपला, बाकीचे टाळ थांबले, भावजींचे मात्र त्याच्या आधीच थांबले होते. एवढंच. मी फोन ठेवते न ठेवते तोच दारात कुरियरवाला उभा. “पाट्टी, ओटीपी,” म्हणाला; पाट्टी म्हणजे इकडची आजी. मी चार आकडे बरोबर वाचून दाखवले, सही केली, त्याला पाणी हवं का तेही विचारलं. मग गोविंदपुरमच्या रिक्षात बसल्यावर बघते तर माझ्या मांडीवर ते पार्सल, आणि पायांत चपला नाहीत. त्या दिवसातलं मला हेच नीट आठवतं. बाकी अजून डोक्यात शिरलेलंच नाही.

आम्ही तंजावरकडचे, मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेले लोक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला वाटेल मोडी कागद उलगडलाय, म्हणून इथं जरा सोपी करून लिहितेय. भावजी रेल्वेत गार्ड होते, मीटर गेजवर, म्हणजे जुन्या अरुंद रुळांवर. गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात हिरवा-लाल बावटा आणि शिट्टी घेऊन एकट्यानं बसायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, “मी नेहमी मागल्या डब्यांत, वरात पुढून निघून गेली.” पुढे मीटर गेजचे रूळ उखडले, रुंद रूळ आले, भावजी निवृत्त झाले. माझे यजमान गेल्यानंतर आम्ही दोघं म्हातारी माणसं घरात उरलो, तेव्हा एक दिवस त्यांनी मागल्या खोलीतलं भाताचं कणगं हलवलं, तिथं मोठ्या फळ्या टाकल्या आणि जाहीर केलं, “वहिनी, इथें कुंभकोणम् स्टेशन बांधणार. जुनें.”

बांधणार ते, पण मागवणार कोण? त्यांच्याकडे बटणांचा फोन, आणि इंजिनांच्या शिट्ट्या ऐकून कान इतके गेलेले, की फोनवर ते बोलले तर गल्लीतल्या म्हशी माना वळवत. माझ्याकडे नातीनं दिलेला मोठा फोन होता. चेन्नईहून तिनं व्हिडिओवर मला खरेदी शिकवली आणि मी भावजींची खरेदी-अधिकारी झाले. आता या दुकानांचे काय एकेक अनुभव सांगू? एका दुकानानं नारळाची झाडं पाठवली ती उलट्या छत्र्यांसारखी. एका परदेशी दुकानाचा डबा दोन महिने वाटेत राहिला आणि आला तो छप्पर वेगळं, खिडक्या वेगळ्या, वर चिठ्ठी, ‘तपासणीसाठी उघडले’. प्रवाशांचं पाकीट मागवलं, तर ओव्हरकोट घातलेले, टोपीवाले गोरे साहेब आले. आमच्या प्लॅटफॉर्मवर, मे महिन्यात. भावजींनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितले, म्हणाले, “यांस घाम फुटेल.” मग मी बारीक कुंचला घेऊन बसले आणि ओव्हरकोटांची धोतरं केली, मडमांच्या झग्यांवर काठ काढून नऊवारी नेसवली. एका साहेबाची टोपी काही केल्या निघेना, तेव्हा मी तिला पिवळा रंग देऊन त्याच्या डोक्यावर फणसच ठेवून दिला. भावजी त्या फणसवाल्याला रोज जागा बदलून ठेवत. म्हणत, त्याची गाडी चुकलीय.

या सगळ्या दुकानांत एकच दुकान खरं होतं, मिरजेचं. एक बाई आपल्या घरातून चालवायच्या. आपल्याकडचे मीटर गेजचे डबे त्या स्वतः कापून, जोडून, रंगवून विकत. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा माझी मराठी ऐकून त्या म्हणाल्या, “आजी, तुम्ही बखर वाचून दाखवताय का?” मला त्या तिथंच आवडल्या. त्यांच्याकडून दोन प्रवासी डबे आले, कागदाच्या आठ घड्यांत गुंडाळलेले. भावजींनी डब्याच्या दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाईनें कडी सुद्धां लाविली आहे.” आता इंजिन हवं होतं, आणि मग त्यांचा स्वतःचा, म्हणजे गार्डाचा डबा. तो त्या बाईंशिवाय कुणीच करत नसे. भावजी म्हणाले, आधी इंजिन, गार्ड शेवटी चढतो.

भावजींनी मला दोन आकडे पाठ करायला सांगितले होते. रुळांची रुंदी बारा मिलिमीटर, आणि मॉडेल खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्शाचं. मला वाटलं, एक आकडा पुरे. मिरजेच्या दुकानात एक सुंदर हिरवं परदेशी इंजिन दिसलं, रूळ बारा मिलिमीटर, मी लगेच मागवलं. बाईंचा मेसेज आला: ‘आजी, तुमचे डबे सत्याऐंशीव्या हिश्शाचे आहेत, हे इंजिन एकशेविसाव्या हिश्शाचं. रुळांवर बसेल, पण डब्यांपुढे लहान दिसेल. नक्की पाठवू?’ त्या वेळी माझ्या एका हातात सार ढवळायचा डाव होता. दुसऱ्या हातानं मी न वाचताच अंगठा पाठवला.

इंजिन आलं. रुळांवर ठेवलं, छान बसलं. बटण दाबलं, छान धावलं. मग भावजींनी त्याला डबे जोडले, आणि डब्यांची छपरं इंजिनाच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागली. जणू दोन धिप्पाड मामांना भाचा ओढून नेतोय. भावजी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “वहिनी, याची मुंज व्हावयाची आहे अजून.” हसण्याची वेळ होती, मी हसायला हवं होतं. ‘अय्यो, चुकलं माझं’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पण खरेदी-अधिकारी बाईंचा तोरा... मी कंबरेवर हात ठेवून त्यांच्या कानाशी ओरडले, “दुकानानं चुकीचं पाठवलं. बघतेच मी तिच्याकडे.”

आणि बघितलं. दुपारभर बसून लिहिलं: ‘हें दुकान नसून लुटारूंचा तळ आहे. वृद्ध माणसांस फसवून पोरकट इंजिन गळ्यांत बांधितात. या बाईचा विश्वास धरूं नये.’ पुण्या-नाशकाकडच्या छंदी लोकांना ती भाषा इतकी आवडली, की त्यांनी ती आपापल्या गटांत फिरवली. ‘आजी, काय लेखणी आहे.’ मी रोज सकाळी कॉफीच्या आधी किती अंगठे वाढले ते बघायचे. बाईंनी खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘आजी, मी पाठवण्याआधी विचारलं होतं. मेसेज एकदा पुन्हा बघता का?’ मी बघितला. तेव्हा पहिल्यांदा वाचला. मग फोन उशीखाली सारला आणि गादीवर बसून राहिले, जणू फोन तिथून उठून भावजींकडे जाणार होता.

त्यानंतर त्या दुकानात पुन्हा जायची सोय राहिली नाही. भावजींनी गार्डाच्या डब्याचं नाव काढलं नाही. मीच एकदा म्हणाले, दुसरीकडे शोधूया. “असूं दे,” म्हणाले, “गाडी चालते आहे.” आणि चार वर्षं ती तशीच चालली. पुढे मुंज न झालेलं इंजिन, मागे दोन डबे, आणि त्यांच्या मागे काहीच नाही. दर संध्याकाळी गाडी सुटायच्या वेळी भावजी स्वतःच फळीच्या टोकाला उभे राहून शिट्टी फुंकत. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. एक वाक्य बोलायला मला चार वर्षं होती... आणि मी त्या वेळात डाळ निवडत बसले.

तेरावा झाला, पाहुणे गेले. एका सकाळी फोन किणकिणला: ‘आपल्याला सिग्नल दिवे मिळाले. आपला अनुभव कसा होता? तारे द्या.’ मी कितीतरी वेळ त्या पाच रिकाम्या ताऱ्यांकडे बघत राहिले. मग न राहवून मिरजेच्या दुकानाचं पान उघडलं. माझा एक तारा तिथंच होता, सगळ्यात वर, अंगठ्यांनी सजलेला. गार्डाचा डबाही होता, फोटोत. दाराला कडी लावलेली.

मी फोन लावला. बाईंनी आवाज ओळखला, पण बखरीचं काही बोलल्या नाहीत. मी सगळं सांगून टाकलं. साराचा डाव, न वाचता पाठवलेला अंगठा, भावजींना मारलेली थाप. आणि ते गेल्याचं. म्हटलं, “तो मजकूर मी आज पुसते. पण भावजी तर तुम्हाला लबाड समजूनच गेले. तो सल आहे मला.”

 मग त्या हळूच म्हणाल्या, “नाही आजी. त्यांना माहीत होतं.”

मी म्हटलं, “काय माहीत होतं?”

“इंजिनाच्या खोक्याच्या तळाशी मी माझ्या नंबरासकट चिठ्ठी घातली होती. हिस्सा लिहून, ‘आपण मेसेजवर होकार दिल्याप्रमाणे’. ती वाचली त्यांनी. मला फोन केला होता.”

 भावजींनी फोन केला? घरातून केला असता तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं. “कधी?” मी विचारलं.

“तुमचं ते लिहून झाल्यावर आठवडाभरानं. शनिवार असावा, मागं टाळ वाजत होते. एवढ्या मोठ्यानं बोलत होते, मला वाटलं तुमच्यासारखंच भांडायला केलाय. मी ठेवला. मग पुढच्या शनिवारी पुन्हा. त्या वेळी मला नीट कळलं ते काय म्हणताहेत ते. ‘चूक आमचे घरची आहे, वहिनीस बोलूं नका, तिचे वतीनें मी क्षमा मागतों.’ असंच, याच शब्दांत.”

माझ्या कानाशी फोन, डोळ्यांसमोर मागल्या खोलीचं दार. त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी फळीच्या टोकाला उभे राहून शिट्टी फुंकताना, मी वाढलेलं सार पिताना, “असूं दे” म्हणताना... मला मेलीला काहीच कळलं नाही. 

मी विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?”

 त्या जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. “आजी, तुमचं सोडा, तुम्हाला मी केलं माफ. पण तेव्हा नवीन माणसं आधी तुमचंच वाचायची आणि परत जायची, माझ्या डोक्यात राग होता. ते बोलत होते आणि मी मध्येच फोन ठेवला, दुसऱ्यांदा. ते आता मी कुणाला सांगू?”