बाळंतिणीच्या खोलीतल्या प्राध्यापकबाई

ज्या बाईंसमोर निम्म्या युरोपातले मनाचे डॉक्टर उभं राहून बोलतात, त्यांच्या हातात मी तेलाची वाटी दिली आणि म्हटलं, “स्टार्ट फ्रॉम लेग्ज.” माझ्या आयुष्यातल्या घोडचुकांमध्ये चुरस बरीच आहे, तरी पहिला नंबर हिचाच. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. आता सत्तरी गाठलीय, आणि त्या अठ्ठावन्नच्या बाईचा आत्मविश्वास आठवला की एकटीच हसत बसते. सुनेच्या, केतकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यूनेनला आले ती डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि सहा कानटोप्या घेऊन. जणू नेदरलँड्समध्ये त्याआधी कुणाला मूलच झालं नव्हतं!

बाळ-बाळंतिणीला मालिश करायला आइंडहोवनहून एक बाई येणार होत्या, सकाळी दहाला. दहाला बेल वाजली. या देशात पोटचा पोरगासुद्धा आईकडे जेवायला जायचं तर तीन आठवडे आधी डायरी बघतो, त्यामुळे न सांगता बेल वाजवणारं दुसरं कुणी असेल ही शंकाच मला आली नाही. दारात एक उंच, पांढऱ्या केसांची म्हातारी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात सुताराचे असावेत तसे. “बेबी?” त्यांनी विचारलं. “फर्स्ट मदर,” मी म्हटलं आणि वाटी पुढे केली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बूट काढले आणि मुकाट्याने आत जाऊन केतकीच्या पायाशी बसल्या. खऱ्या मालिशवाल्या बाई केतकीच्या फोनवर न येण्याचे निरोप ठेवत होत्या. आणि केतकी तेव्हा फोनच काय, खिडकीचा पडदासुद्धा उघडत नव्हती.

त्या होत्या पलीकडच्या घरातल्या पोर्तुगीज प्राध्यापकबाई, न सांगता कुणाच्याही घरी जाणाऱ्या म्हणून अख्ख्या गल्लीला ठाऊक. भेटीची वेळ ठरवली की माणूस चेहरा तयार करून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. ऐंशीच्या घरात सायकल चालवायच्या आणि रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवायच्या, झाडांना कळावं म्हणून. शुक्रवारी खारवलेला मासा भिजत घालायच्या, तो गल्लीतल्या मांजरांना त्यांच्याआधी कळायचा. रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. वाटाणे सोलतील, लोकर गुंडाळतील, काहीच नसलं तर तुमच्या स्वेटरचं सैल बटण शिवतील, तुमच्या अंगावरच. त्यांच्या देशाच्या सरकारने दिलेलं पदक त्यांच्या न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली अडकवलेलं होतं. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पोर्तुगालची बुचाच्या झाडांची जंगलं मला पाठ होती. शेजारची पोर्तुगीज बाई कोण, हे मात्र चार दिवस कळलं नाही.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. केतकी गप्प असायची, भिंतीकडे बघायची, मी आणून दिलं की बाळाला पाजायची आणि परत माझ्या हातात द्यायची. मला वाटलं, अशक्तपणा. लाडवांचा आकार वाढवला. “अगं, लक्ष्मी आलीय घरात, हस की जरा!” असं दिवसातून दहादा म्हणायचे. ती हसायचीसुद्धा, मला बरं वाटावं म्हणून. पुण्याहून महिला मंडळातल्या बायकांचे फोन आले की मी ठणकावून सांगायचे, “मजेत आहे हो बाळंतीण!”

चौथ्या दिवशी मी लाडवाची ताटली घेऊन खोलीच्या दाराशी पोचले आणि आतून केतकीचा आवाज आला. इंग्रजीत, सपाट, बातम्या वाचाव्यात तसा. “हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. हे घर माझ्याशिवाय जास्त नीट चालेल, असं रोज वाटतं.” मी तोंड उघडलंच होतं, ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणायला. बाईंनी मान न वळवता तेलाने माखलेला एक हात वर केला. थांब. उभ्या जन्मात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं, नवऱ्याने तर नाहीच. दुसरा हात केतकीच्या पोटरीवर तसाच फिरत होता, ना वेग वाढला ना कमी झाला. “हं,” एवढंच त्या म्हणाल्या. आणि चार दिवस जी बोलली नव्हती ती पोर पाऊण तास बोलली.

मग बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं, “डॉक्टरला आजच बोलवायचं. उद्या नाही. तोवर मी तिच्याजवळ बसते.” आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, कसल्याही दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि धीर या दोनच गोष्टी देणारा. तो तासाभरात आला, खोलीत शिरला आणि शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला. “प्रोफेसर!”

जाताना दारात त्यानेच मला सगळं सांगितलं. तरुणपणी त्यांच्याकडे वेड्यांच्या इस्पितळातला बायकांचा वॉर्ड आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचं कुलूप काढून रुग्ण बायकांना सूप करायला बसवलं. वरिष्ठ ओरडले, आत सुऱ्या आहेत! त्या म्हणाल्या, कांदेही आहेत. कित्येक वर्षं मुकी असलेली एक बाई सूप चाखून म्हणाली, “मीठ कमी.” तिथून त्यांची सगळी विद्या सुरू झाली. पोर्तुगालच्या तेव्हाच्या सरकारला कुलपं काढणारी माणसं आवडत नव्हती, म्हणून त्या इकडे आल्या आणि युट्रेख्टच्या विद्यापीठात जन्मभर शिकवत राहिल्या. नव्या विद्यार्थ्याला वही आणायची बंदी. त्याने आधी रुग्णाशेजारी बसून तासभर बटाटे सोलायचे. “मला दोनदा नापास केलं त्यांनी,” डॉक्टर अभिमानाने म्हणाला, “मी फार लवकर प्रश्न विचारायचो.” मी भिंतीला टेकून खाली बसले, ताटलीसकट.

केतकीला गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला भेटणारी एक तज्ज्ञ मिळाली. अमोघने, माझ्या लेकाने, ऑफिसातून रजा काढली. सगळं सावकाश झालं, दोन पावलं पुढे, एक मागे. बाई मात्र रोज दहाला हजर. मी वाटी लपवली, तर म्हणाल्या, “तेल कुठंय?” मग एका सकाळी केतकी माझ्यावर खेकसली, “आई, काढा ना ती टोपी, उकडतंय तिला!” सून डाफरली म्हणून आनंदाने रडलेली सासू दुसरी नसेल.

गेल्या वर्षी बाई बहिणीकडे, समुद्राकाठच्या त्यांच्या गावी परत गेल्या. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. भली माणसं आहेत, साखर हवी असली तरी अमोघला आधी मेसेज करतात.

मालिशच्या शेवटच्या दिवशी मी त्यांची माफी मागितली होती. आत केतकी बाळाशी काहीबाही बडबडत होती. मी म्हटलं, तुम्हाला मालिशवाली समजले ते एक वेळ सोडा, पण त्या पोरीला मी रोज हस म्हणत होते. बाईंनी हात पुसले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच काही हातात न घेता म्हणाल्या, “तुझा मुलगा झाला, तेव्हा तुझ्याजवळ कोण बसलं होतं?”